मदत हवी आहे: जुनी कंपनी बंद, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडकलंय

नमस्कार मंडळी. ऐरोलीच्या एका कंपनीत ऑफर मिळालीय, पण व्हेरिफिकेशनची गाडी अडली आहे. माझी आधीची नोकरी वागळे इस्टेटमधल्या छोट्या फर्ममध्ये होती. ती 2021 मध्ये बंद पडली. रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) मिळालंच नाही, एचआरचा फोन बंद, ऑफिसच्या जागी आता टाइल्सचं गोदाम आहे.

त्यात यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या नंबरच्या) सर्व्हिस हिस्टरीत नोकरी सोडल्याची तारीखच नाही. ती पोर्टलवर आपली आपण टाकता येते म्हणे, पण शेवटचा पीएफ भरला त्याच महिन्यातली. मालकाने शेवटचे दोन महिने पीएफ भरलाच नव्हता, म्हणजे माझ्या बायोडेटाशी दोन महिन्यांचा फरक पडणार. व्हेरिफिकेशन करणारे एजन्सीवाले याला खोटेपणा समजतील का?

पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट, फॉर्म 26 एएस (कापलेल्या कराची नोंद) आणि नेमणूकपत्र आहे. एवढ्यावर भागेल? की आधीच नव्या एचआरला मेल करून सगळं सांगू? कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

(पत्ता तपासायला आलेल्या मुलाला आईने सेल्समन समजून दारातूनच परत पाठवलं. तेही निस्तरायचंय.)