मदत हवी आहे : क्राबीच्या जंगलातील गरम पाण्याच्या कुंडात आईला उतरवावे का?

भुसावळचा प्रवासी

नमस्कार. आम्ही घरातील चौघे थायलंडमधील क्राबीला जात आहोत. तेथील घनदाट जंगलात गरम पाण्याची कुंडे आहेत. त्यांतील एका हिरव्यागार कुंडाचे छायाचित्र आईने माझ्या मोबाइलवर पाहिले आणि तेव्हापासून त्या पाण्यात पाय सोडून बसायचेच, हे ती धरून बसली आहे. तिचे गुडघे दुखतात. चालावे किती लागेल, पाणी किती गरम असते आणि गुडघ्यांना त्याचा उपयोग होतो का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर सहल ठरवून देणाऱ्या माणसाला देता येत नाही. अर्ध्या दिवसाची ही जोडसहल घ्यायची की नाही, हे त्याला उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे. कृपया लवकर सांगावे. आंतरजालावर शोधण्याचा सल्ला कोणी देऊ नये, कारण शोधून डोके भणाणल्यावरच येथे आलो आहे.

यावलची लेक

आम्ही दोन वर्षांपूर्वी तेथे जाऊन आलो आहोत, म्हणून प्रथम एक विचारते. तुम्ही नेमक्या कोणत्या कुंडाबद्दल बोलत आहात? क्राबी प्रांतातील ख्लोंग थोम भागात तीन वेगवेगळ्या जागा आहेत आणि सहलवाले त्या सर्वांना सरसकट 'हॉट स्प्रिंग' म्हणून मोकळे होतात. एक म्हणजे गरम पाण्याचा धबधबा, ज्याचे पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या नैसर्गिक कुंडांतून खाली वाहते. दुसरे पाचूचे कुंड, जे अभयारण्यात आहे. तिसरे खाऱ्या गरम पाण्याचे झरे. आईंनी पाहिलेले हिरवे पाणी बहुधा पाचूच्या कुंडाचे असावे, आणि ते गरम नाही. आम्हाला तर ते चांगले थंडगार लागले. माझ्या सासूबाई शेकायला म्हणून उतरल्या आणि तीन मिनिटांत बाहेर आल्या.

अडावदकर

गरम पाण्यासाठी समुद्र ओलांडून जाण्याचे प्रयोजन मला तरी समजलेले नाही. आमच्या अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, तेथे गोमुखातून बारा महिने गरम पाणी वाहते आणि पौषात स्नानासाठी गर्दी लोटते. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून हे पाणी काढले, असे आमचे वाडवडील सांगत आले आहेत. माझ्या वडिलांचे गुडघे या पाण्याने मोकळे झाले. पाण्यात गंधक असते, ते हाडांपर्यंत पोहोचते. भुसावळहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी परत याल.

भुसावळचा प्रवासी

अडावदकर, तिकिटे काढून झाली आहेत. उनपदेवला आम्ही लहानपणापासून जातो, तो प्रश्नच नाही.

यावलची लेक, आपले मनापासून आभार. आता सहलपत्रिका नीट पाहिली, तर त्यात दोन्ही जागा एकाच अर्ध्या दिवसात दिल्या आहेत, आधी धबधबा आणि मग पाचूचे कुंड. चालण्याचे तेवढे सांगा.

यावलची लेक

गरम धबधब्याला फारसे चालावे लागत नाही. वाहनतळापासून बऱ्यापैकी सपाट वाट आहे. पाचूच्या कुंडाकडे मात्र दोन वाटा जातात. सरळ वाट सुमारे ८०० मीटरची आहे. निसर्गवाट त्याहून लांब असून जंगलातून वळणे घेत, काही ठिकाणी फळ्यांच्या पुलावरून जाते. गुडघे दुखत असतील तर जाता-येता सरळ वाटच धरावी. त्याच्याही पुढे निळे कुंड आहे, पण तेथे पाण्यात उतरण्यास बंदी आहे, त्यामुळे आईंना तिथवर चालवत नेण्यात अर्थ नाही.

धबधब्याचे पाणी साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास असते. आपण थंडीत अंघोळीला काढतो तेवढे म्हणा. कुंडांचे काठ गुळगुळीत आणि शेवाळलेले असतात, मुख्य भीती तीच आहे. माझे यजमान तेथे घसरले आणि उरलेली सहल त्यांनी एका कुशीवर झोपून काढली.

निवृत्त भूगोल शिक्षक

हे पाणी गरम कशाने होते, हे कोणी सांगितले नाही, म्हणून लिहितो. गरम झरा म्हटला की ज्वालामुखी, हा समज सर्वत्र आढळतो. पण आपल्या उनपदेवच्या खाली ज्वालामुखी नाही आणि क्राबीच्या झऱ्यांखालीही नाही. खानदेशचा काळा पाषाण लाव्ह्याचा असला तरी तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि केव्हाच निवला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते, दर किलोमीटरला जमिनीचे तापमान सर्वसाधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढत जाते, आणि एखाद्या मोठ्या प्रस्तरभंगाची, म्हणजे खडक तुटून सरकल्याने पडलेल्या खोल भेगेची, वाट सापडली की तापलेले पाणी थंड होण्याआधीच वर येते. नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या अशाच भंगरेषांना धरून पश्चिमेकडे वाहतात. सातपुड्याच्या पायथ्याला ऊन पाणी का निघते, याचे उत्तर त्यात आहे.

क्राबीचा फरक असा की तेथे चुनखडीचा खडक आहे. पाणी वर येताना चुना विरघळवून आणते, आणि उघड्यावर आले की तोच चुना थराथराने साचत जातो. यावलच्या ताईंनी सांगितलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या कुंडांचे काठ पाण्यानेच बांधलेले आहेत, गवंड्याने नव्हे.

अडावदकर

गुरुजी, प्रश्न गुडघ्यांचा आहे.

परिचारिका, धुळे

प्रश्न गुडघ्यांचा असेल तर गंधक हाडांपर्यंत पोहोचते हे वाक्य आधी बाजूला ठेवावे लागेल. आराम मिळतो तो प्रामुख्याने उष्णतेने, कारण स्नायू सैल पडतात आणि पाण्यात शरीराचा भार हलका होतो. तो आराम काही तासांचा असतो. झिजलेला सांधा त्याने भरून येत नाही.

परंतु मला वेगळेच विचारायचे आहे. आईंचे वय काय? रक्तदाब आहे का? साखर आहे का? गोळ्या कोणत्या चालू आहेत? आणि तुम्ही कोणत्या महिन्यात जात आहात? एवढे कळल्याशिवाय पाण्यात उतरवावे की नाही, हे कोणीही सांगू नये.

भुसावळचा प्रवासी

वय ६८. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जात आहोत, कारण तेव्हा विमानाचे भाडे निम्म्यावर आले होते. साखर आहे, पण ती गोळ्यांवर आणि सकाळच्या इन्सुलिनवर आटोक्यात असते. मी गुडघ्यांबद्दल विचारले आहे, साखरेबद्दल नाही. कृपया मूळ प्रश्नाकडे वळावे.

अमळनेरचे नाना

भाडे निम्म्यावर का आले, हे तुमच्या ध्यानात आले नाही असे दिसते. अंदमान समुद्राच्या त्या किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर आपल्यासारखाच नैऋत्य मोसमी पाऊस असतो, आणि आपल्यापेक्षा कितीतरी अधिक. जळगावला वर्षभरात साधारण ७०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि तेवढ्यावर आपण केळी, कापूस, सगळे निभावतो. तेथे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो, म्हणून तर तेथे सदाहरित वर्षावन आहे आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाने झडणारे साग आणि सलई. माझ्या मते सहल डिसेंबरनंतर ढकलावी. पैसे बुडाले तरी चालतील, पण म्हाताऱ्या माणसाला पावसात जंगलात नेऊ नये.

यावलची लेक

नाना, आम्ही ऑगस्टमध्येच गेलो होतो. सकाळी लवकर पोहोचलो, दोन तास उघडीप मिळाली आणि गर्दीही नव्हती. एक काळजी मात्र घ्यावी. गरम पाणी शेवटी खालच्या थंड ओढ्यात पडते, आणि त्या ओढ्याला पावसात गढूळ लोंढा येतो. वरच्या कुंडांतच बसावे, ओढ्यात उतरू नये. जळवांसाठी पायात लांब मोजे घालावेत. चिकटलीच तर ओढून काढू नये, नखाने तिचे तोंड बाजूला सरकवावे.

अमळनेरचे नाना

जळवांवर तंबाखूचे पाणी लावतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हाच उपाय आहे.

पक्षीवेडा, चोपडा

जळवांवरून आठवले. पाचूचे कुंड ज्या अभयारण्यात आहे, त्याच जंगलात आपल्या नवरंग पक्ष्याचा एक चुलतभाऊ, गर्नीज पिट्टा, १९८६ मध्ये पुन्हा सापडला होता. तोपर्यंत तो नामशेष झाला असे मानले जात होते. पुढे सखल भागातील जंगल तुटले, तेथे तेलताडाच्या आणि रबराच्या बागा झाल्या आणि आता तो तेथून जवळपास गेलाच आहे. त्यामुळे निसर्गवाट टाळू नये, असे मी सुचवेन. काकूंना सरळ वाटेने न्यावे आणि घरातील इतरांनी लांबच्या वाटेने जावे. पावसात आमच्याकडे सातपुड्यात नवरंग येतो, त्याची हाक ज्यांनी ऐकली आहे त्यांना तेथेही कान द्यावासा वाटेल.

परिचारिका, धुळे

प्रवासी महोदय, साखरेचा प्रश्न हाच मूळ प्रश्न आहे. तुम्ही रागावलात तरी मी पुन्हा विचारते. साखर किती वर्षांपासून आहे? पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, चप्पल पायातून कधी निसटली ते न कळणे, यांपैकी काही होते का?

कारण सांगते. अनेक वर्षांच्या मधुमेहात पायांच्या नसा मंदावतात आणि पाणी किती गरम आहे हे पायांना कळेनासे होते. आपण चटका बसताच पाय मागे घेतो, त्यांचा पाय तसाच पाण्यात राहतो. नंतर फोड येतो, तो दिसायला दोन दिवस लागतात आणि भरायला दोन महिने. आमच्या विभागात हिवाळ्यात असे रुग्ण येतात, आणि ते कुठल्या झऱ्यावरून आलेले नसतात, घरच्या शेकण्याच्या पिशवीने भाजलेले असतात. दुसरे म्हणजे इन्सुलिन टोचल्यावर लगेच गरम पाण्यात बसले तर ते रक्तात नेहमीपेक्षा वेगाने उतरते आणि साखर एकदम खाली येऊ शकते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाण्यातून उठताना भोवळही येते.

भुसावळचा प्रवासी

आईला विचारून आलो. साखर १६ वर्षांपासून आहे. तळवे बधिर असतात, हे तिने आम्हाला आजच सांगितले. "कापसावरून चालल्यासारखे वाटते, पण त्यात सांगण्यासारखे काय," असे म्हणाली. रक्तदाबाची गोळी रात्री घेते. डाव्या टाचेला भेग आहे, ती थोडी ओली आहे.

अडावदकर

भेगेवर गरम पाणी उत्तम. आमच्याकडे

परिचारिका, धुळे

अडावदकर, कृपया थांबा. बधिर पायावरची ओली भेग म्हणजे उघडी जखम आहे आणि ती कोणत्याही कुंडात, तळ्यात किंवा ओढ्यात बुडवू नये, ते पाणी थायलंडचे असो की उनपदेवचे.

प्रवासी महोदय, उद्याच पाय दाखवून घ्या. सहलीला अवकाश आहे, तेवढ्यात भेग भरून येऊ शकते. भरली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तरच पुढचे लागू होते. पाणी आईंच्या पायाने नव्हे, तुमच्या कोपराने तपासायचे. एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू द्यायचे नाही. न्याहारी झालेली असावी, खिशात साखरेच्या गोळ्या असाव्यात आणि अनवाणी एक पाऊलही टाकू देऊ नये. आईंच्या हाताला धरून उठवणारे माणूस काठावर नव्हे, पाण्यात शेजारी हवे.

बरोबर मुले असतील तर त्यांना डोके पाण्याखाली घालू देऊ नका. कोमट आणि गरम गोड्या पाण्यात एक अमीबा वाढतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. असे क्वचितच होते, पण २०२४ मध्ये केरळमध्ये त्याने मुले दगावली आहेत. पाणी पोटात गेल्याने तो बाधत नाही, धोका नाकातून आहे.

निवृत्त भूगोल शिक्षक

खाऱ्या पाण्याच्या झऱ्यांबद्दल कोणी विचारले नाही, तरी सांगून ठेवतो की ते समुद्राच्या सान्निध्यामुळे

अमळनेरचे नाना

गुरुजी, ते सहलपत्रिकेत नाही.

भुसावळचा प्रवासी

सर्वांचे आभार. परिचारिका ताईंना मी आधी जे तुटक बोललो, त्याबद्दल दिलगीर आहे. आज सकाळी आईचा पाय दाखवून आणला. डॉक्टरांनी सुईने आणि कापसाने दोन्ही तळवे तपासले, तेव्हा बोटांपासून अर्ध्या तळव्यापर्यंत तिला काहीच कळत नव्हते, आणि ते पाहून मला पायाखाली काही नसल्यासारखे झाले. भेगेवर रोज पट्टी करायची आहे, मऊ तळाची चप्पल घरातही घालायची आहे आणि गरम पाण्यात पाय बुडवणे या वेळी पूर्ण बंद आहे.

सहल रद्द केलेली नाही. त्या माणसाला होकार कळवला आहे. धबधब्याच्या काठावर ती खुर्चीवर बसेल, गुडघ्यांना गरम पाण्यात पिळलेला पंचा मी माझ्या हाताने लावून देईन, आणि पाचूच्या कुंडापर्यंत सरळ वाटेने जमेल तेवढे चालेल. ज्या हिरव्या पाण्यासाठी एवढा हट्ट होता ते गरम नाहीच, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग लांबून पाहिले तरी सारखेच." पाय पूर्ण बरा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले, तर पौषात तिला उनपदेवला नेईन, असे कबूल केले आहे.

अडावदकर

अवश्य यावे. मीठभाकरी आमच्याकडे.

शहादेकर

धागा उशिरा वाचला. उनपदेव आमच्या शहादा तालुक्यातही आहे, तेथेही बारमाही गरम पाणी आहे, आणि वरच्या संपूर्ण चर्चेत त्याचा कोणीही उल्लेख केलेला नाही. प्रवासी महोदय, तुम्ही आईंना कोणत्या उनपदेवचे कबूल केले आहे, अडावदच्या की शहाद्याच्या?