हमीद आणि हामिद एकच का? सूचीत काय लिहू?

सूचीवाली:
मंडळी एक अडलंय. एका अनुवादित पुस्तकाची नामसूची करतेय, इतिहास राजकारण सगळं एकत्र असलेलं पुस्तक. मूळ इंग्रजीत सगळीकडे एकच स्पेलिंग आणि अनुवादात कुठे हमीद, कुठे हामिद, एका पानावर चक्क हमिद. संपादक म्हणतात सगळं हमीद करून टाक, कटकट नको. आता माणसं बघा: अफगाणिस्तानचे करझाई, आपले माजी उपराष्ट्रपती अन्सारी, तुर्कांचा सुलतान, परमवीर चक्रवाले अब्दुल हमीद आणि आपले दलवाई. ही सगळी एकाच नावाची ना? आणि अब्दुल हमीद 'अ'मध्ये लावू की 'ह'मध्ये?

उर्दू_मास्तर:
ताई थांबा, सरसकट हमीद करू नका!! ही दोन वेगळी नावं आहेत. धातू एकच, ह-म-द, म्हणजे स्तुती, त्यातूनच मुहम्मद, अहमद, महमूद पण आलेत. पण हामिद म्हणजे स्तुती करणारा आणि हमीद म्हणजे ज्याची स्तुती व्हावी असा. उर्दूत लिहिताना हामिदमध्ये 'बडी हे' (ह) या अक्षरानंतर 'अलिफ' (आ) येतो आणि हमीदमध्ये 'मीम' (म) नंतर 'ये' (ई), त्यामुळे वाचताना घोळ होतच नाही, घोळ केला तो इंग्रजीने. करझाई आणि अन्सारी दोघंही हामिद. आपले पेपर वर्षानुवर्षं हमीद करझाई छापतात म्हणून कानाला तेच बरं वाटतं, एवढंच. हिंदीच्या पुस्तकातला आजीसाठी चिमटा विकत घेणारा प्रेमचंदांचा पोरगा आठवतो का, तो हामिद.

आणि अब्दुल हमीद 'अ'मध्येच. अल-हमीद हे अल्लाच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक, अब्द म्हणजे बंदा, सेवक. नुसतं अब्दुल म्हणजे 'अमक्याचा बंदा' आणि अमका कोण ते सांगितलंच नाही, अर्धं नाव झालं ते. 'हमीद, अब्दुल' असं तोडलंत तर भगवानदासला 'दास, भगवान' केल्यासारखं होईल. याच कारणाने अब्दुलच्या पुढे हमीदच येतो, हामिद नाही.

रूळावरचा:
सुलतान म्हणजे दुसरा अब्दुल हमीद असेल, १८७६ ते १९०९ वाला. सूचीत 'दुसरा' लिहायला विसरू नका, पहिला अठराव्या शतकात होऊन गेला. या दुसऱ्यानेच दमास्कस ते मदिना हिजाझ रेल्वे बांधायला घेतली, १९०८ ला मदिनेला गाडी पोचली, जवळपास १३०० किलोमीटर, आणि त्यासाठी जगभरातल्या मुसलमानांनी वर्गणी दिली, हिंदुस्थानातूनही पैसे गेले. पुढच्याच वर्षी त्याला गादीवरून उतरवलं 😅 सॉरी विषय रेल्वेकडे गेला. पण तुर्की नावांचं एक सांगतो, आता तिकडे शेवटचा द जाऊन त होतो, अहमदचा अहमेत, तसा हमीदचा हामित. पण हामिदचाही तिकडे हामितच होतो, म्हणून तसा कोणी पुस्तकात असेल तर मूळ नाव कोणतं ते बघून घ्या.

चिपळूणकडचा:
दलवाईंचा तर प्रश्नच येत नाही. आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, जन्म १९३२, लिहायचे मराठीत, त्यांच्या पुस्तकांवर हमीद दलवाई असंच आहे. १९६६ च्या एप्रिलमध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला तो माणूस, चार वर्षांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं आणि १९७७ ला गेला पण. म्हणजे पंचेचाळीसही पुरी नाहीत. परमवीरवाल्यांचं तर त्याहून कमी, गाझीपूर जिल्ह्यातल्या धामुपूरचे, खेमकरणला जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवले आणि १० सप्टेंबर १९६५ ला तिथेच गेले, वय ३२.
बाकी मास्तर बरोबर असतील पण मला करझाई शोधायचे तर मी हमीदच बघणार ना? सापडले नाहीत तर पुस्तक मिटून ठेवणार. वाचकाचं पण बघा.

उर्दू_मास्तर:
मग दोन्हीकडे नोंद करा. हमीदखाली 'हामिद करझाई पहा' आणि पानं फक्त हामिदखाली.

सूचीवाली:
हे जमेल, संपादकांना पण पटेल. हमिद मात्र कायमचा काढते. अजून एक निघालाय, अल्जीरियाचा 'अब्देलहमीद बेन बादिस', एकत्र लिहिलंय, मला वाटलं वेगळंच नाव.

उर्दू_मास्तर:
तेच नाव हो, अब्दुल हमीद. तिकडचा उच्चार आणि वर फ्रेंच स्पेलिंग, म्हणून तसं दिसतं. मोठा माणूस, धर्मसुधारक आणि शिक्षक, १९४० मध्ये १६ एप्रिलला गेला, तो दिवस अल्जीरियात ज्ञानदिन म्हणून पाळतात. पुस्तकात जुना मुस्लिम तत्त्वज्ञ गझाली पण आहे का? असेल तर तो अबू हामिद, हमीद नाही.

सूचीवाली:
आहे 🤦‍♀️ आणि अनुवादात अबू हमीद आहे, सतरा ठिकाणी.