जर्मनीत नर्स म्हणून रजिस्ट्रेशन: एजंट म्हणतो 'तिकडे गेलं की आपोआप होतं'. खरंय का?

मिरजेची_सिस्टर

नमस्कार. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, २०१३ ची. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं आरएनआरएम (नर्स आणि मिडवाईफ) रजिस्ट्रेशन आहे, रिन्यू केलेलं. अकरा वर्षं एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत काढलीत. रात्रपाळीला आठ बेडला दोन सिस्टर, त्यामुळे व्हेंटिलेटर, सेंट्रल लाईन, काहीही सांगा, हात बसलाय.

जर्मन शिकायला आठ महिने पुण्याला बहिणीकडे राहिले. बी-वन, म्हणजे भाषेची मधली पातळी, झालं, ऐकण्याच्या पेपरात एकदा गचकून दुसऱ्यांदा. आता एजंट म्हणतो, बी-वन भरपूर झालं, स्टुटगार्टजवळच्या एका वृद्धाश्रमाचं ऑफर लेटर तयार आहे, रजिस्ट्रेशन तिकडे उतरलं की आपोआप होतं. साडेतीन लाख मागतोय, निम्मे आत्ता. करारात एक कलम आहे की दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर नऊ हजार युरो भरायचे.

आपल्या कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे चालतं का? पुन्हा परीक्षा आहे का? आणि माझ्या डिप्लोम्यावर माहेरचं नाव आहे, पासपोर्टवर सासरचं. याने काही अडतं का? मुलगी सहा वर्षांची आहे, तिचंही डोक्यात आहे. घरात सासूबाई सोडून सगळे 'जा' म्हणतायत.

यॉर्कशायरची_वहिनी

मी जर्मनीत नाही, इंग्लंडात आहे, त्यामुळे थोडक्यात. इकडे एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा, मामला निराळा. संगणकावरची परीक्षा भारतात बसून देता येते, मग इकडे येऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, दहा स्टेशनं. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना तीच परीक्षा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला वाचन, ऐकणं, बोलणं यात सात आणि लिखाणात साडेसहा लागतात. त्या लिखाणानं मला तीनदा रडवलं. जर्मनीत म्हणे शिकलेल्या तासांचा हिशेब होतो, ते इथलं कोणीतरी सांगेल. पण साडेतीन लाख? अगं, आधी मागे हो.

बार्शी_ते_बाडेन

ताई, हे पूर्ण वाचून होईपर्यंत कशावर सही करू नका.

मी २०२१ पासून इथे आहे, स्टुटगार्टहून गाडीनं चाळीस मिनिटांवरच्या एका गावातल्या हॉस्पिटलात. तुमच्यासारखीच जीएनएम, त्याआधी सोलापुरात नऊ वर्षं मेडिसिन वॉर्ड.

आपोआप काही होत नाही. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतंच, पण नुसत्या त्यावर इथे नर्स म्हणून उभं राहता येत नाही. आख्ख्या जर्मनीचं असं एक कौन्सिल नाही, राज्यागणिक कार्यालय वेगळं. नोकरी ज्या राज्यात, अर्ज त्या राज्यात. बाडेन-व्युर्टेम्बेर्गचं काम स्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियममध्ये चालतं. ते लोक तुमचं शिक्षण इथल्या शिक्षणाशेजारी मांडून बघतात. इथलं तीन वर्षांचं असतं, २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम. आपले एकूण तास सहसा कमी पडत नाहीत, अडतं ते विषयांत. मग येतो 'डेफिट्सिटबेशाइड', म्हणजे तुमच्यात काय काय कमी आहे याचं सरकारी पत्र. मला आलं, माझ्याबरोबर आलेल्या पाचही जणींना आलं. नोकरीतला अनुभवही धरतात, पण कुठल्या विभागात किती काळ आणि नेमकं काय काम केलं हे पत्रात असेल तरच. 'प्रामाणिकपणे काम केले, पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे वाचून त्यांना काय कळणार?

माझ्या पत्रात वृद्धांची शुश्रूषा, घरी जाऊन करायची शुश्रूषा आणि पुनर्वसन यांत कमी आहे असं लिहिलं होतं. नऊ वर्षांनंतर हे वाचून डोकंच फिरलं. सहा महिने वॉर्डात काढल्यावर मात्र वाटलं, अगदीच खोटं नाही. आपल्याकडे बेडपॅन मावशी देते, उचलायला मामा असतात, अंग पुसायला सून आणि भरवायला लेक. आपण इंजेक्शन, सलाईन, राऊंड आणि फाईल. इथे नातेवाईक येतात, फुलं ठेवतात, तासाभरात जातात. तोंड धुण्यापासून पायाची बोटं कोरडी करण्यापर्यंत सगळं सिस्टरचं. आणि पहिल्याच आठवड्यात इंट्राकॅथ (सलाईनची सुई) लावायला पुढे झाले तर सांगितलं, राहू दे, डॉक्टर लावतील. सोलापुरात व्हेन मिळाली नाही की रेसिडेंट मला झोपेतून उठवायचे!

पत्र आल्यावर दोन वाटा असतात. एक कोर्स, त्याला आनपासुंग्सलेरगांग म्हणतात, त्यात जे कमी आहे तेवढंच शिकायचं. दुसरी परीक्षा, केंटनिसप्र्युफुंग. परीक्षेत एक भाग तोंडी, पाऊण ते एक तासाचा, आणि एक भाग खऱ्या पेशंटवर. प्रत्येक भागाला एकदाच पुन्हा बसता येतं. मी परीक्षा घेतली आणि प्रॅक्टिकलला नापास झाले, तेही सकाळच्या अंग पुसण्यात. आजींचं तोंड, हात, पाठ मी दहा मिनिटांत स्वच्छ पुसून काढलं. मनात म्हटलं, पैकीच्या पैकी. परीक्षक बाईंनी विचारलं, पेशंटचा उजवा हात चांगला चालतो, मग तोंड तुम्ही का पुसलंत? रुमाल त्यांच्या हातात द्यायचा, जे त्यांना जमतं ते त्यांना करू द्यायचं, आपण शेजारी थांबायचं आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगायची. आपल्याला सेवा म्हणजे सगळं आपण करणं अशी सवय. दुसऱ्या वेळी मी हात अक्षरशः पाठीमागे बांधून उभी राहिले आणि पास झाले.

शेवटी जो परवाना मिळतो त्याला म्हणतात उर्कुंडं. आमच्या बॅचमधली नागपूरची पोरगी म्हणायची, आमच्या गल्लीतले उरकुडे मला इथवर पोचवतील असं वाटलं नव्हतं. उर्कुंडं हातात येईपर्यंत तुम्ही कागदावर मदतनीस, आणि पगारही मदतनिसाचा. वृद्धसेवेतली किमान मजुरी १ जुलै २०२५ ला मदतनिसाला तासाला १६.१० युरो झाली, परवाना असलेल्या नर्सला २०.५०. मी त्या अवस्थेत चौदा महिने होते. एजंट लोक पगार सांगताना हा काळ गिळून टाकतात. तुम्ही हिशेब करताना तो आधी धरा, नाहीतर मिरजेतले हप्ते फिटायचे नाहीत.

बी-वनवर येता येतं, पण उर्कुंडं बी-टूशिवाय, म्हणजे त्याच्या वरच्या पातळीशिवाय, हातात पडत नाही. नोकरी सांभाळून, तीन पाळ्या करून बी-टू करणं काय असतं ते मी केलंय. तुम्ही पुण्यातच करून या. शिवाय इथली बोली म्हणजे निराळीच भानगड. श्वाबियन, म्हणजे इथल्या भागातल्या, म्हाताऱ्यांचं 'पाऊल' कमरेपासून सुरू होतं. एका आजोबांचं पाऊल दुखतंय म्हणून मी पाऊल तपासून तसं लिहून ठेवलं, दुखत होता गुडघा. आणि पुस्तकात 'हेबेन' म्हणजे उचलणं, यांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ धरणं. मला नुसतं धर म्हणणाऱ्या बाईंना मी उचलायला गेले होते.

आता पैसे. परदेशी नोकरीसाठी परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेल्या एजंटला तीस हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव शोधा. नसेल तर विषय संपला. जर्मन बाजूला प्रामाणिक भरतीसाठी सरकारी शिक्का आहे, 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांट', तो त्यांच्या कंपनीकडे आहे का ते बघा. नऊ हजारांचं कलम कोणत्या खर्चासाठी आहे आणि महिन्यागणिक कमी होतं का, हे लेखी मागा. माझ्या पहिल्या करारातही असंच कलम होतं. मी जर्मन न कळताच सही केली आणि दोन वर्षं त्या गाठीनं जखडून राहिले.

मिरजेची_सिस्टर

ताई, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. पोर्टलवर बघितलं, त्याचं नाव नाही. पैसे दिलेले नाहीत, नशीब. आता शिकलेल्या तासांचा विषयवार कागद कुठून आणायचा? माझ्याकडे फक्त मार्कलिस्टा आणि डिप्लोमा. कॉलेजात फोन केला तर क्लार्क म्हणाले, असलं काही आम्ही देत नाही.

निवृत्त_ट्यूटर_बाई

मी बावीस वर्षं नर्सिंग स्कूलमध्ये शिकवलं, म्हणून बोलते. क्लार्कला फोन करू नका, प्रिन्सिपल मॅडमना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शब्द 'ट्रान्सक्रिप्ट' वापरा, पण सोबत सांगा की विषयवार थिअरीचे तास आणि विभागवार प्रॅक्टिकलचे तास वेगवेगळे हवेत, आउटवर्ड नंबर आणि गोल शिक्क्यासह. तक्त्याचा नमुना तुम्हीच टाईप करून न्या. माणसं काम टाळतात ती आळसानं कमी, नमुना माहीत नसतो म्हणून जास्त.

तुमचं क्युम्युलेटिव्ह रेकॉर्ड, म्हणजे शिक्षणाच्या सगळ्या वर्षांची नोंद, स्कूलकडे असायला हवं, त्यातून पोस्टिंगचे दिवस निघतात. एक गोष्ट हमखास सुटते. सायकियाट्रीचं पोस्टिंग आपण बाहेर करतो, तुमच्या भागातल्या मुली रत्नागिरीला नाहीतर येरवड्याला जातात. ते तास स्कूलच्या तक्त्यात कधी कधी येतच नाहीत. तसंच कम्युनिटीचं, प्राथमिक आरोग्य केंद्रातलं. तिथे तुम्ही घरोघरी फिरला आहात, म्हाताऱ्यांचं बीपी घेतलंय, बाळंतिणीकडे गेला आहात. घरी जाऊन केलेली शुश्रूषा ती हीच, पण कागदावर 'कम्युनिटी हेल्थ नर्सिंग' एवढंच लिहिलं तर तिकडच्या माणसाला कसं कळणार? तास आणि कामाचं स्वरूप दोन्ही लिहून घ्या. मिडवायफरीची केसबुकं जपून ठेवली असतील तर तीही काढा.

आमच्या शेजारच्या स्कूलला टाळं लागलं तेव्हा मुलींना बोर्ड आणि कौन्सिलच्या दारात किती चकरा पडल्या ते मी पाहिलंय. तुमचं स्कूल चालू आहे तोवर हे काम उरकून घ्या, जायचं ठरो न ठरो.

बार्शी_ते_बाडेन

बाईंनी लाखमोलाचं सांगितलं. माझ्या वेळी हे सांगणारं कोणी असतं तर माझं पत्र निम्म्यानं छोटं झालं असतं. कम्युनिटीचे तास माझ्या तक्त्यात नव्हतेच.

नावाचं राहिलं. अडतं, हो. इथल्या कार्यालयातल्या बाईला कळेचना की मधलं नाव आधी वडिलांचं आणि नंतर नवऱ्याचं कसं होतं. तिला वाटलं, दोन वेगळ्या बायका आहेत. मी विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रात छापलेला नावबदल, दोन्ही शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन करून जोडले. जन्मदाखला काढून बघा, आपल्या पिढीतल्या कित्येकींच्या दाखल्यावर बाळाचं नावच नसतं. मूळ कागद कुणाच्याही ताब्यात देऊ नका, प्रमाणित प्रती पाठवा.

वृद्धाश्रमाबद्दल माझं मत विचाराल तर, तुमचे हात आयसीयूचे आहेत, हॉस्पिटलचं ऑफर लेटर शोधा. २०२० पासून इथे सगळ्या नर्सचं शिक्षण एकत्र झालंय, त्यामुळे परवाना दोन्हीकडे तोच. पण कोर्सची वाट घ्यावी लागली तर वेगवेगळ्या विभागांत पोस्टिंग लागतं, ते हॉस्पिटलात सोपं जातं. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं याच राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय, त्यातून सध्या काय चाललंय ते जिल्ह्यात चौकशी करून बघा. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. माझा तेवढ्यावरून काही फायदा झाला नाही, ते सोडा.

मुलीचं: मी माझ्या मुलाला उर्कुंडं मिळाल्यावर आणलं. तोवर तो बार्शीला आईकडे, मी रोज आपल्याकडच्या रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर. नवऱ्यानं सोलापुरात ए-वनचा क्लास लावला होता. सोपं गेलं असं म्हणणार नाही. मुलगा पहिले दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. तुमच्या सासूबाई नको म्हणतायत ना, त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला, पोरगी शेवटी त्यांच्याकडेच राहणार आहे.

करारातलं ते कलमाचं पान मला मेसेजमध्ये पाठवा, नावगाव झाकून. रविवारी सुट्टी आहे, वाचून काय लिहिलंय ते सांगते.