मरीबाच्या खडकापाशी मोशेचे नेमके काय चुकले?

जिज्ञासू_वाचक

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या शास्त्राभ्यासात सध्या बायबलमधील गणनाचे पुस्तक चालू आहे आणि विसाव्या अध्यायावर येऊन आम्ही अडलो आहोत. कादेश येथे (तेथील पाण्यालाच पुढे मरीबा म्हटले आहे) मोशेची बहीण मिर्याम मरण पावते, पाणी मिळत नाही, लोक मोशे व अहरोन यांच्याशी भांडू लागतात. काठी घे आणि लोकांदेखत खडकाशी बोल, म्हणजे तो पाणी देईल, असे परमेश्वर मोशेला सांगतो. मोशे काठी घेतो, पण खडकाशी बोलण्याऐवजी तिने त्यावर दोनदा प्रहार करतो. पाणी विपुल वाहते, माणसे आणि गुरेढोरे पितात, आणि लगेच निर्णय येतो की हे दोघे भाऊ लोकांना वचनदत्त देशात नेणार नाहीत. सोन्याचे वासरू घडवूनही अहरोन पुढे याजक झाला, मग इथेच एवढी कठोर शिक्षा का? शिवाय निर्गम 17 मध्ये, रफीदीम येथे, खडकावर मारण्याचीच आज्ञा झाली होती. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शास्त्राभ्यासी

आपला प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर शोधताना आपली नजर काठीवर खिळते आणि बारावे वचन मागे पडते, असे मला वाटते. तेथे परमेश्वर काठीचा उल्लेखही करत नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाही आणि इस्राएल लोकांसमोर मला पवित्र मानले नाही, एवढाच त्याचा आरोप आहे.

आता सातवे व आठवे वचन पुन्हा सावकाश वाचून पाहा. लोकांनी कुरकुर केली असली तरी या प्रसंगी परमेश्वराच्या बोलण्यात रागाचा एकही शब्द नाही. लोक तहानलेले आहेत, त्यांना व त्यांच्या जनावरांना पाणी पाज, एवढेच तो म्हणतो. रागावतो तो मोशे. तो लोकांना बंडखोर म्हणतो आणि या खडकातून आम्ही तुमच्यासाठी पाणी काढावे काय, असे विचारतो. मिसरातून प्रौढ वयात निघालेली पिढी तोवर बहुतेक रानातच संपली होती आणि समोर उभ्या असलेल्या तरुणांना देव कसा आहे हे त्या घटकेला मोशेच्या तोंडून कळणार होते. त्यांना दिसला तो संतापलेला देव, आणि परमेश्वर तर संतापलेला नव्हता. पवित्र न मानणे ते हेच, असे माझे मत आहे.

नादाब आणि अबीहू यांचा प्रसंग याच्या शेजारी ठेवावा. लेवीय 9 च्या शेवटी परमेश्वरापासून अग्नी निघून होमबली भस्म करतो, लोक जयघोष करून पालथे पडतात, आणि पुढच्याच अध्यायात अहरोनाचे हे दोघे पुत्र न सांगितलेला अग्नी घेऊन पुढे जातात व मरतात. माझ्याजवळ येणाऱ्यांच्या ठायी मी पवित्र ठरेन, या अर्थाचे शब्द मोशेने तेव्हा स्वतः अहरोनाला ऐकवले होते. मरीबा येथे तोच नियम त्याला लागू झाला.

रफीदीमविषयी थोडक्यात सांगायचे तर, तेथे मारणे हे आज्ञापालन होते, कारण तेव्हा तसे सांगितले होते. कादेशला निराळे सांगितले असता जुनीच रीत वापरणे हे आज्ञापालन ठरत नाही.

कोकणचा_इस्राएल

शालोम. मी बेने इस्राएल या भारतातील यहुदी समाजातील आहे. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, आमच्या वार्षिक वाचनात हा भाग ‘हुक्कत’ या परशामध्ये (साप्ताहिक वाचनभागामध्ये) येतो आणि त्यावर आमच्या भाष्यकारांचे शतकानुशतके एकमत झालेले नाही. अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले राशी म्हणतात की बोलण्याऐवजी मारले, हाच दोष. खडकासारखी निर्जीव वस्तू केवळ शब्द ऐकून आज्ञा पाळते, हे पाहून लोकांनी स्वतःविषयी विचार केला असता, आणि ती संधी हुकली. बाराव्या शतकातील रम्बाम (मायमोनिदीस) क्रोधाला दोष देतात. त्यांचे म्हणणे वरील उत्तराच्या अगदी जवळ जाते. तेराव्या शतकातील रम्बान (नाखमनिदीस) यांना मात्र ते पटत नाही. ते ‘आम्ही पाणी काढावे काय’ या शब्दांवर बोट ठेवतात, कारण त्यामुळे चमत्कार मोशे आणि अहरोन यांनीच केला असे लोकांना वाटू शकले असते. मला स्वतःला रम्बान यांचे म्हणणे अधिक पटते, कारण त्यानेच अहरोनाच्या शिक्षेचा उलगडा होतो. काठी त्याच्या हातात नव्हती आणि तो रागावल्याचेही लिहिलेले नाही, परंतु त्या ‘आम्ही’मध्ये तो मूकपणे सामील होता.

रानातील_मान्ना

दोन्ही उत्तरे मनाला भिडली. एक बाजू मांडावीशी वाटते. स्तोत्र 106 म्हणते की लोकांमुळे मोशेचे वाईट झाले, त्यांनी त्याच्या आत्म्याला चिडवले आणि तो अविचाराने बोलला. बहीण नुकतीच गेलेली, आणि मिसरातून आम्हांला का आणले ही तीच जुनी तक्रार पुन्हा कानावर आलेली, अशा माणसाची ती अवस्था होती. शास्त्र हे लपवत नाही आणि त्यामुळे शिक्षा रद्दही करत नाही.

मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट ही की पाणी आले. मोशे चुकला म्हणून परमेश्वराने लेकरांना तहानलेले ठेवले नाही. त्या संध्याकाळी छावणीत कोणी म्हणाले असते की पाणी आले म्हणजे मोशेचे बरोबरच होते, तर ते सहज खरे वाटले असते. आपल्या मंडळ्यांमध्ये सभा भरतात, लोकांना आशीर्वाद मिळतो, आणि तेवढ्यावरून सेवकाचे आचरण शुद्ध असल्याचे आपण धरून चालतो. हा अध्याय तसे धरू देत नाही.

जिज्ञासू_वाचक

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपली उत्तरे वाचून मी अध्याय पुढे वाचला, तेव्हा आधी कधी न जाणवलेली एक गोष्ट दिसली. तेराव्या वचनात मरीबाचा प्रसंग संपतो आणि चौदाव्या वचनात मोशे अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवून लोकांसाठी वाट मागतो. ज्या देशात आपण जाणार नाही हे कळले आहे, त्याच देशाची वाट. अनुवाद 3 मध्ये तो स्वतःसाठीही विनवणी करतो आणि ती नाकारली जाते. गणना 27 मध्ये मृत्यूची सूचना मिळताच तो एवढेच मागतो की परमेश्वराच्या मंडळीने मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे होऊ नये म्हणून तिच्यावर कोणी नेमला जावा, आणि मग स्वतःच्या हाताने यहोशवावर हात ठेवतो. पुढच्या अभ्यासात आम्ही विसावा आणि सत्ताविसावा हे दोन्ही अध्याय एकत्र घेणार आहोत.