पोर्टा केबिनला लागून पडवी: केबिनच्या भिंतीचा आधार घ्यावा का?

दापोलीकर:
दापोलीजवळ कलमांच्या बागेत २० बाय १० फुटांची पोर्टा केबिन आहे. भिंती ५० मिमी पफ पॅनेलच्या. केबिन चिऱ्याच्या आठ आधारांवर, जमिनीपासून दीड फूट उंच बसवलेली. दाराच्या लांब बाजूला तेवढ्याच मापाची, पत्र्याची पडवी करायची आहे, खाली बसायला ओटा. फॅब्रिकेटर म्हणतो, पुढे तीन खांब लावू आणि मागची बाजू केबिनला अँगल मारून टेकवू, तीन खांबांचा खर्च वाचेल. असं केलेलं चालतं का? मुरूम साधारण दोन फूट खणला जातो, मग कातळ. पावसाआधी काम उरकायचं आहे.

लोखंडकाम:
केबिनला अँगल मारू देऊ नका. पफ पॅनेल म्हणजे दोन्हीकडे जेमतेम अर्धा मिमी पत्रा आणि मध्ये फोम. स्क्रू त्या अर्ध्या मिमीतच धरतो. वाऱ्याने पडवी हलली की भोक लांबट होतं आणि पाणी फोमच्या कडेने आत उतरतं. ओल बाहेर दिसेपर्यंत आतला पत्रा गंजलेला असतो. शिवाय केबिन चिऱ्यांवर आणि पडवी काँक्रीटवर, दोन्ही सारख्या खचणार नाहीत. पुढेमागे केबिन क्रेनने हलवायची झाली तरी पडवी मोकळीच बरी.

सहा खांब घ्या, तीन-तीनच्या दोन रांगा, रांगेत १० फुटांचं अंतर. खांब चौकोनी पाइपचे, ७२ बाय ७२ मिमी, जाडी ३.२ मिमी. रांगेवरची आडवी तुळई ९६ बाय ४८. त्यावर दर ५ फुटांना ८० बाय ४० चा वासा, म्हणजे पाच वासे. वाशांवर ४० बाय ४० चे पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे पाइप, एकमेकांपासून ३ फुटांपेक्षा लांब नकोत. दारासमोर मधला खांब येत असेल तर फूटभर सरकवा, पण दोन्ही रांगांतला एकदमच.

मागे टेकायला भिंत नाही, त्यामुळे पडवी आडवी डुलणार. प्रत्येक खांबाला तुळईशी दोन फुटांचा तिरका टेकू ४५ अंशांत हवाच, आणि वाशाच्या दिशेनेही एक. हे टेकू दिसायला नकोत म्हणून लोक गाळतात आणि मग वेल्ड तडकतात.

पाइपांची उघडी तोंडं पट्टी लावून पूर्ण वेल्ड करा. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप घेतलात तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून गेलेलं असतं. तिथे घासून झिंकचा प्रायमर, मग रंग. काळ्या पाइपला एपॉक्सी प्रायमर. खाऱ्या हवेत नुसता रेड ऑक्साइड टिकत नाही.

पाया_आधी:
वरचं माप ठीक आहे, पण अशा पडवीला वजनाचा त्रास नसतो, ती वर उचलली जाते. वाऱ्याचं भारतीय मानक, आयएस ८७५ चा तिसरा भाग, पणजीला ३९ आणि मुंबईला ४४ मीटर प्रतिसेकंद मूळ वेग धरतो. ३९ नेच बघा: चौरस मीटरला ९० किलोच्या वर दाब. तुमचं छप्पर साडेअठरा चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने सतराशे किलोची उचल. पत्रा आणि लोखंड मिळून वजन तीनशे किलोही भरणार नाही. उरलेलं सगळं पायाने धरायचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, त्यात पत्र्याची कितीतरी छपरं अशीच गेली.

खड्डे अडीच बाय अडीच फूट, दोन फूट खोल. एका खड्ड्यात साडेबारा घनफूट काँक्रीट, वजन साडेआठशे किलोच्या आसपास. कातळ वरच लागला तर फोडत बसू नका. सव्वा फूट खोल आणि तीन बाय तीन करा, वजन साडेसातशेच्या वर राहतं. सहा खड्ड्यांना मिळून ७५ घनफूट, १:१.५:३ च्या मालाला सिमेंट १७ गोण्या, वाळू ३१ घनफूट, २० मिमी खडी ६३ घनफूट. वरच्या खांबोळ्यांसाठी, म्हणजे पायावरच्या काँक्रीटच्या आखूड खांबांसाठी, वेगळं धरा.

मागची रांग केबिनला चिकटवू नका. चिऱ्याच्या आधारांशेजारी दोन फूट खोल खणलं तर त्यांच्या खालचा मुरूम सुटतो आणि केबिनचा कोपरा बसतो. खड्ड्याची कड आधारापासून निदान खोलीइतकी लांब हवी. म्हणजे मागचे खांब भिंतीपासून सव्वातीन फुटांवर, पुढचे साडेआठ फुटांवर, आणि वासे दोन्हीकडे बाहेर काढायचे. यात मागच्या मधल्या खांबावर सगळ्यात जास्त उचल येते, पावणेपाचशे किलोच्या घरात. तिथे अडीच फुटी खड्डा आखडू नका.

खांब काँक्रीटमध्ये पुरू नका, जमिनीच्या रेषेवर गंजतो. फूटभर चौरस खांबोळी, आत १२ मिमीच्या चार सळ्या, माथा ओट्याच्या फरशीपेक्षा ३ इंच वर. त्यावर २०० बाय २०० बाय १० मिमीची बेस प्लेट, १६ मिमीचे चार जे-बोल्ट, लांबी ४५० मिमी. काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट प्लायवुडच्या फर्म्याने जागी धरा. नाहीतर वेल्डर प्लेटची भोकं मोठी करतो आणि पकड जाते. सात दिवस पाणी मारल्याशिवाय वर काही उभं करू नका.

दापोलीकर:
सहा खांब पक्के. पण केबिन आणि पडवीच्या मधल्या फटीतून दारातच पाणी येईल ना? आणि ओटा केबिनला भिडवायचा का?

पन्हळ:
पडवीची उंच बाजू केबिनकडे, १० फुटांत निदान २० इंच उतार. केबिनचं छप्पर पुढे आलेलं असेल तर पडवीचा पत्रा त्याच्या खाली ६ इंच घुसवा, मध्ये दोन इंच फट ठेवून. पुढे आलेलं नसेल तर झाकपट्टी केबिनच्या छपराच्या कडेला एकाच बाजूने लावा. खालची कड पडवीच्या पत्र्यावर ८ इंच नुसती पडलेली. दोन्हीकडे स्क्रू मारलात तर दोन्ही बांधकामं पुन्हा जोडली गेली.

पत्रा ०.५ मिमी रंगीत. वारा नैऋत्येचा, म्हणून पत्रे घालायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा, म्हणजे जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. कडेच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधे एकाआड एक. वॉशरचं रबर किंचित दबेल इतकंच आवळा. बाहेर फुगलं की ते फाटणार. ड्रिलचा लोखंडी चुरा त्याच दिवशी झाडून काढा, एका रात्रीत तांबडे डाग पडतात.

ओटा भिडवू नका. केबिनखालची हवा बंद झाली की तळाची फ्रेम गंजते आणि वाळवी चढते. चिऱ्याचा ओटा नऊ इंच अलीकडे थांबवा, फटीत तळाला खडी टाका, दारासमोर वरून लोखंडी जाळी. भर मुरमाची, ६-६ इंचांचे थर पाणी मारून धुम्मस करत. माथा केबिनच्या जमिनीपेक्षा ३ इंच खाली आणि बाहेरच्या बाजूला दोन इंच उतार.

पडवीत दिवा-पंखा घेणार असाल तर लोखंडाला वेगळं अर्थिंग द्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवा.