भाकरी सोडून ओट्सच खायचे का?

प्रश्न (सांगली): डाएटच्या तक्त्यात भाकरी बंद, सकाळी ओट्स. दोन भाकऱ्या, पालेभाजी, आमटी यात वाईट काय?

उत्तर: काहीच नाही. 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण 200 कॅलरी, तंतू जवळपास ओट्सइतकेच. घोळ फोडणीत असतो. मोठा चमचाभर तेल म्हणजे 120 कॅलरी, आणि बाटली तिरकी केली की तीन चमचे कधी गेले कळत नाही. चमच्यानं मोजूनच घाला.

दुसरे उत्तर: भडंगही धरा की! चुरमुरे हलके, पण मूठभर शेंगदाणे (30 ग्रॅम) 170 कॅलरी.

प्रश्नकर्ता: भाकरी चिरते, मग चपातीच होते.

उत्तर: पीठ जुनं, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेली. आठवड्यापुरतंच दळून आणा, उकळतं पाणी घालून मळा.