भंडारदऱ्याला तंबू कुठल्या काठाला लावायचा? बाबांना गरवायचंय (गळाने मासे धरायचेत)

खारेगावची_लेक

नमस्कार मंडळी. संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारला जोडून दोन रात्री भंडारदऱ्याला जायचं ठरतंय. आम्ही पाच जण: मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि माझे आईबाबा.

हट्ट बाबांचा आहे. कळव्याच्या खाडीवर गरी टाकण्यात त्यांचा जन्म गेला. बोई, शिंगाळी, नशीब असेल त्या दिवशी जिताडा. गोड्या पाण्यात मात्र कधी टाकली नाही, ती एकदा टाकायची आहे. एका गुडघ्याची वाटी बदललेली आहे, त्यामुळे उतारावर फार चढउतर नको. आईची एकच अट आहे, संडास कमोडचा हवा आणि दाराला आतून कडी हवी. मुलाला तंबूत झोपायचंय, म्हणजे झोपायचंयच.

नकाशात बघितलं तर तलाव लांबच लांब आहे आणि सगळ्यांच्या जाहिरातीत ‘लेक टच’ लिहिलंय. एका तंबूवाल्याने व्हिडिओ पाठवला, त्यात पाणी अगदी तंबूच्या खुंटीपाशी. तो मुरशेतचा. दुसरा म्हणतो रतनवाडीला या, अमृतेश्वराचं देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिसरा शेंडीचा. नवरा म्हणतो एवढ्या लांब कशाला, पवनाला जाऊ. चार माणसांचा आमचा स्वतःचा तंबू आहे, गच्चीवर लावून बघितलाय.

कुठला काठ घ्यावा? आणि गरी टाकू देतात का तिथे?

घोडबंदरचा_भटक्या

तुमच्या मिस्टरांना माझं मत. पवना ठाण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास, एक्सप्रेसवे उतरलं की लोणावळा आणि पुढे थोडंच. जागा सपाट, संडास चांगले, समोर तिकोना-तुंग किल्ले. आईवडिलांना घेऊन हेच बरं.

फक्त शनिवारी रात्री शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर किती वाजता बंद होईल ते देव जाणे.

भंडारदराच ठरलं तर आता कसारा घाट चढायची गरज नाही. समृद्धीचा आमणे ते इगतपुरी टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला. भिवंडीच्या पुढे आमण्याला चढा, इगतपुरीला उतरा, मग घोटी आणि बारीवरून शेंडी. वडप्यापर्यंत कोंडीत जे रडायचं ते रडून घ्यायचं, पुढे रस्ता मोकळा. बाईकवाल्यांना समृद्धीवर बंदी आहे, तुम्ही गाडीने जाताय म्हणून सांगतोय.

ऐरोलीचा_गळवाला

ताई, पवना विसरा. वाईट आहे म्हणून नाही, पण बाबांना गरवायचंय ना? दोनशे माणसं काठावर नाचत असताना मासा तिथे कशाला थांबेल? आणि जवळचं म्हणून कोणी तानसा, मोडकसागर किंवा मोरबे सुचवलं तर हसून सोडून द्या. पहिली दोन मुंबई पालिकेची, तिसरं आपल्या नवी मुंबईचं, तिन्ही पिण्याच्या पाण्याची. परवानगीशिवाय आतच सोडत नाहीत, तंबू लांब राहिला.

तो खुंटीपाशी पाणी असलेला व्हिडिओ कधीचा आहे ते विचारलंत का? पैजेवर सांगतो, सप्टेंबर-ऑक्टोबरचा असणार. भंडारदरा धरण आहे. 1910 ते 1926 असं सोळा वर्षं बांधलं, 11,039 दशलक्ष घनफूट पाणी धरतं आणि ते पाणी आपल्या सहलीसाठी साठवलेलं नाही. खाली प्रवरेच्या कालव्यांवर ऊस, गहू, चारा आहे. बहुतेक वर्षी पंधरा ऑगस्टच्या आगेमागे धरण भरतं, पावसाळा संपला की शेतीला पाण्याचं एकेक आवर्तन (पाळी) सुटतं आणि काठ खाली सरकत जातो. मेमध्ये तर मुरशेतच्या बाजूला तंबूपासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळावरून चांगली रपेट होते. जानेवारी मधला काळ, पाणी उतरलेलं असतं पण पळालेलं नसतं. म्हणून आधी महिना धरायचा, मग काठ. तंबूवाल्याला सांगा, आज सकाळचा व्हिडिओ पाठव, आणि तंबूपासून पाण्यापर्यंत चालत चालत काढ. जो टाळाटाळ करेल तो कटाप.

आता काठ. शेंडी धरणाला लागून आहे. बाजार, हॉटेलं, एमटीडीसी, सगळं तिथेच. सोय उत्तम, पण वर्दळ. रतनवाडी दुसऱ्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी, प्रवरा जिथून येते तिकडे. देऊळ बघाच, तसं कोरीव काम आपल्याकडे अंबरनाथला सोडून जवळपास नाही. पण जलाशयाचं ते शेपूट आहे, उथळ. पाणी उतरायला लागलं की सगळ्यात आधी तिथून मागे हटतं. पावसाच्या तोंडाला वाहत्या पाण्यात मासा तिकडे चढतो, जानेवारीत तिथे बाबांना चिखल बघत बसावं लागेल.

मी जानेवारीत मुरशेतचा काठ घेतो, त्याला कारण सूर्य आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि मुरशेत-पांजरे हा काठ उत्तरेचा, तोंड दक्षिणेला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळतं. समोरच्या काठाला पाठीशी डोंगर, तिथे दुपार कललीच की सावली. ठाण्यात बसून हा फरक कळत नाही. तिथे रात्री पारा दहाच्या आसपास घुटमळतो, सकाळी तंबूचं कापड दवाने पिळून काढावं इतकं ओलं होतं. त्या वेळी तासभर आधी येणारं ऊन आई-बाबांना सोन्यासारखं वाटेल. माशांनाही वाटतं. उन्हाने उथळ पाणी जरा कोमट झालं की मासा तिकडे येतो.

त्यावरून बाबांसाठी मुद्द्याचं. खाडीत ते भरती-ओहोटी बघून जातात. इथे थंडीत पहाटे पाच वाजता काठावर कुडकुडण्यात काही अर्थ नाही. गार पाण्यात मासा खोल जातो आणि आळसावतो. अकरा ते चार ही वेळ. आरामात नाश्ता करून निघा म्हणावं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधे, मृगळ तळाला. तळाला टाकायचं तर शिशाचं वजन लावून, कटल्यासाठी तरंडा (पाण्यावर तरंगणारा बोंडा). आमिष म्हणून कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून गोळा करा, थोडी हळद चालते. कोळंबीचे तुकडे घरी ठेवा, तो खाडीचा चारा. चिलापी (तिलापिया मासा) मिळेल का म्हणाल तर थंडीत ती रुसलेली असते, गांडूळ लावून बघा. तंगूस (गळाची नायलॉन दोरी) जरा जाड घ्या, कारण तळाशी बुडालेल्या शेतांचे दगडी बांध आणि झाडांची खोडं आहेत, गरी अडकते. पण मासाही त्या बांधांच्याच आडोशाला असतो. पाणी उतरलेलं असताना काठावर उघडे पडलेले बांध बघा, ते पाण्यात सरळ कुठे जातात याचा अंदाज घ्या आणि त्या रेषेच्या बाजूला टाका. बाबांना हे एकदा सांगितलं की पुढचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळेल.

परवानगीचं. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून मच्छीमार सहकारी संस्थांना दिला जातो, तेव्हा त्यांना विचारल्याशिवाय गरी टाकायची नाही. शिवाय तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, म्हणून वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशाची पावती फाडतानाच तेही विचारून घ्या. नाही म्हणाले तर नाही. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना निघायच्या आधीच फोनवर विचारा, बाबांना गळाच्या काठ्या बांधायला लावून तिथे नकार ऐकवू नका.

तंबू पाण्याच्या कडेला नको. रात्री डोंगरावरची गार हवा उतरून खोलगट भागात साचते, दवही तिथेच जास्त. वीस-तीस फूट वर, सपाट जागेत लावा. उघड्या पडलेल्या गाळावर तर मुळीच नको. वरून वाळलेला दिसतो, आत पाय गेला की गुडघ्यापर्यंत जातो. मुलाला हे दोनदा सांगा. आंघोळीला पाण्यात उतरायचं नाही, कोणी कितीही म्हणो. काठ एकदम तुटतो, आणि थंड पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. काठावर खेळतानासुद्धा पोराच्या अंगात लाइफ जॅकेट.

आणि हो, शेवटची गोष्ट आईंसाठी. सगळे तंबूत झोपलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? एक खोली घ्या कमोडवाली, अंगणात तुमचा तंबू लावा. मुरशेतला असं देणारी घरं आहेत.

कोलटेंभ्याचा_माथाडी

राम राम. मी कोलटेंभ्याचा, म्हणजे मुरशेतच्या समोरच्या काठाचा, सध्या तुर्भे मार्केटात. गळवाल्या काकांनी आमच्या काठाला पार सावलीत बसवलं, त्यांचं बरोबर आहे पण अर्धंच. ऊन लवकर जातं हे खरं. पण आमच्याकडे गाडी थेट घरापर्यंत येते, घर ते पाणी सपाट शेत आहे, आणि रात्री डीजे नाही, कारण आमची म्हातारी माणसं वाजवू देत नाहीत. गुडघ्याच्या माणसाला मुरशेतचा उतार बघूनच घाम फुटेल, काही जागी तर पायऱ्याच नाहीत.

ताई, कुठेही उतरा, पण घरी जेवा. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, वरईचा भात. बार्बेक्यूची कोंबडी ठाण्यातही मिळते. शेकोटीला लाकूड घरवाल्याकडून विकत घ्या, जंगलातलं वाळकं काटूकही उचलू नका, अभयारण्य आहे, दंड होतो. काचेच्या बाटल्या तर नकोच. पाणी आटलं की आमची गुरं त्याच गाळात उतरतात.

दवाखान्याचं सांगतो, कोणी विचारत नाही म्हणून. शेंडीत किरकोळ औषध मिळेल. ग्रामीण रुग्णालय राजूरला आहे. बाबांच्या गोळ्या ठाण्यातून पुरेशा आणा.

खारेगावची_लेक

बापरे, एवढं सविस्तर! बाबांना वाचून दाखवलं. बांधांच्या आडोशाचं ऐकून ते उठून कपाटातून शिशाचा डबा काढून बसलेत, अजून महिना आहे म्हणावं तर ऐकत नाहीत.

मुरशेतच्या त्या व्हिडिओवाल्याला आजचा व्हिडिओ मागितला. आधी म्हणाला नेट नाही, मग संध्याकाळी पाठवला. तंबूपासून पाणी बरंच खाली, आणि मधे उतार आहे तो दगडगोट्यांचा. बाबांना नाही जमणार. दुसऱ्या एका घरवाल्याकडे खोली आहे, रस्त्याला लागून, आणि तिथून पाण्यापर्यंत बैलगाडीची जुनी वाट आहे म्हणतो. ती वाटही व्हिडिओत दाखवली त्याने. कमोड आहे, कडी आहे. कडीचा वेगळा फोटो मागितला तर हसला, पण पाठवला.

गरीचं त्याला विचारलं, तो म्हणतो ठेकेदार संस्थेच्या माणसाशी बोलून दोन दिवसांत सांगतो. हो आलं तरच आगाऊ पैसे देणार आहे. आणि नाही आलं तर? बाबांना काय सांगू?

ऐरोलीचा_गळवाला

बैलगाडीची वाट म्हणजे उत्तम, ती बुडालेल्या शेतांकडेच गेलेली असणार. घ्या ती जागा.

नाही आलं तर बाबांना सांगा की सकाळी संस्थेचे लोक जाळी काढून काठाला येतात, त्यांच्याशी जाऊन बसा. दोन दर्यावर्दी भेटले की गप्पा संपत नाहीत. ताजा मासा तिथेच विकत मिळाला तर घरवालीला द्या, ती करून देईल. मृगळाला काटे फार, नातवासाठी कटला मागा.

कोलटेंभ्याचा_माथाडी

रोख पैसे ठेवा. शेंडीत फोनवर पैसे जातात, पुढे रेंज गेली की काही चालत नाही. डिझेल-पेट्रोल घोटीला भरून घ्या. आणि रविवारी दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर वडप्याला रात्र होईल.